क्षेत्राचा दोष आणि क्षेत्रज्ञाचे कर्तव्य

गीतेचा आरंभ उपदेशाने होत नाही. तो एका थरथरणाऱ्या शरीराने होतो. दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा राहिल्यावर अर्जुन प्रथम सांगतो ते आपल्या देहाविषयी. अवयव गळून जात आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे आणि हातातले गांडीव निसटत आहे, हे तो आधी सांगतो. धर्माधर्माचा विचार त्यानंतर मांडतो. मनाची व्यथा आणि देहाची अवस्था ही एकमेकांपासून सहजी निराळी काढता येत नाहीत, हे अशा रीतीने पहिल्याच अध्यायात दृष्टीस पडते. परंतु हे एकदा मान्य केले की त्याच्या पाठोपाठ एक कठीण प्रश्न उभा राहतो. देहातील एखाद्या द्रव्याच्या न्यूनाधिक्याने माणसाची इच्छाच बदलत असेल, तर त्या इच्छेतून घडलेल्या कर्माचा दोष कोणाचा?

हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाही. आज तो औषधाच्या गोळीबरोबर गृहस्थाच्या घरात येतो.

दृष्टांतासाठी भिलाईतील एक घर डोळ्यांसमोर आणावे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानंतर दुर्ग जिल्ह्यातील धानाच्या शेतांच्या प्रदेशात पोलादाचा कारखाना उभा राहू लागला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे तेथे आली. शेजारच्या नागपूर-भंडाऱ्याकडून आलेल्या मराठी कुटुंबांनीही तेथेच संसार मांडले. आपल्या दृष्टांतातील गृहस्थ अशाच एका कुटुंबातले. भारतीय रेल्वेचे रूळ जेथे घडतात त्या विभागात त्यांनी तिन्ही पाळ्यांत अनेक वर्षे काम केले, निवृत्तीनंतर लहानसे घर बांधले आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब वर्षानुवर्षे सांभाळला. त्या हिशेबात एका रुपयाची चूक कधी कोणाला सापडली नाही. घरातही तोच नियम होता. मुलांना वहीसाठी पैसे मिळत, परंतु उरलेले परत करावे लागत.

साठी उलटल्यावर त्यांचा उजवा हात स्वस्थ बसला असतानाही कापू लागला. चाल मंदावली. अक्षर बारीक होत होत इतके बारीक झाले की सही जुळत नाही म्हणून बँकेतून धनादेश परत आला. डॉक्टरांनी निदान केले. ज्याला आयुर्वेद कंपवात म्हणतो आणि आधुनिक वैद्यक पार्किन्सनचा रोग म्हणते, तो हा विकार होता. औषध सुरू झाले, पुढे त्यात आणखी एक गोळी वाढविण्यात आली आणि गुण आला. सदऱ्याची गुंडी स्वतः लावता येऊ लागली, तेव्हा घरात सणासारखा आनंद झाला.

काही महिन्यांनी निराळेच घडू लागले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पैसे लावून पत्ता टाकला नव्हता, तो संध्याकाळी पत्त्यांच्या डावाला जाऊन बसू लागला. प्रथम करमणूक, मग चार-दोन रुपये, मग शंभरांच्या नोटा. घरी सांगताना देवळात गेलो होतो असे सांगणे सुरू झाले. अखेरीस मुदतीची ठेव मोडलेली आढळली. मुलगा समोर उभा राहून म्हणाला, "बाबा, जन्मभर आम्हांला एकेका रुपयाचा हिशेब विचारलात. ते सारे ढोंगच होते ना?" वडील काही बोलले नाहीत. मान खाली घालून बसून राहिले.

बोलली ती पत्नी, आणि तीही घरात नव्हे. पुढच्या तपासणीच्या वेळी ती सोबत गेली आणि तिने विचारले, "डॉक्टरसाहेब, ही नवी गोळी सुरू झाली दिवाळीच्या सुमारास, आणि यांचे पत्ते सुरू झाले माघात. या दोहोंचा काही संबंध असू शकेल का?" डॉक्टरांनी होय म्हणून सांगितले. अशी घरे एक-दोन नाहीत. कंपवाताच्या रोग्यांची एक मोठी पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत ३,०९० रोग्यांची विचारपूस केलेली होती. पत्नीने ज्या गोळीविषयी विचारले त्या वर्गातील औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांना जुगार, अनावर खरेदी, अनावर खाणे किंवा कामवासना यांपैकी कोणता तरी आवेग जडलेला दिसला. ते औषध न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते.

एका लहानशा गोळीला माणसाच्या सदाचारापर्यंत पोहोचण्याचा मार्ग कसा सापडतो, हे समजून घेतल्यावाचून दोषाचा विचार न्यायाने करता येणार नाही.

मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. एका पेशीतला संदेश तिच्या तंतूतून विजेच्या लहरीसारखा धावतो. परंतु बहुतेक ठिकाणी तंतूचे टोक दुसऱ्या पेशीला चिकटलेले नसते. मध्ये एक फट असते आणि ती मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाइतकी अरुंद असते. ही फट ओलांडण्यासाठी तंतूच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांतून एक द्रव्य बाहेर पडते आणि पलीकडच्या पेशीच्या पृष्ठभागावर असलेल्या ग्राहीला, म्हणजे ते द्रव्य ग्रहण करणाऱ्या विशिष्ट रेणूला, जाऊन मिळते. कुलपाला किल्ली लागावी तसा हा संयोग आहे. संदेश असा द्रव्यरूपाने जातो, हे १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखविले. एका हृदयाच्या मज्जातंतूला चेतना देऊन त्यांनी त्याची गती मंद केली, त्याच्या भोवतीचे द्रावण काढून दुसऱ्या हृदयाला दिले आणि दुसरे हृदयही मंदावले. या शोधाबद्दल १९३६ साली त्यांना हेन्री डेल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्राही दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत ग्राही स्वतःच एक दार असतो. द्रव्य लागताच दार उघडते, विद्युद्भारित कण आत शिरतात किंवा बाहेर पडतात आणि एका सेकंदाच्या सहस्रांश भागात पेशी उत्तेजित होते अथवा शांत होते. ग्लुटामेट हे द्रव्य मुख्यतः उत्तेजनाचे काम करते. गाबा हे मुख्यतः शमनाचे. दुसऱ्या जातीतील ग्राही दार उघडत नाही. तो पेशीच्या आत निरोप देतो, आणि तेथे क्रियांची एक साखळी सुरू होऊन पेशीचा स्वभावच काही काळ पालटतो. हे काम मंद, परंतु अधिक टिकणारे असते. डोपामीनचे ग्राही पाच प्रकारचे असून ते सर्व या दुसऱ्या जातीचे आहेत.

यात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. द्रव्य एकच असले तरी त्याचा परिणाम ग्राहीवर अवलंबून असतो. लोवी यांच्या प्रयोगातील ॲसिटिलकोलीन हे द्रव्य हृदयाला मंद करते. तेच द्रव्य हातापायांच्या स्नायूंना आकुंचित करते. निरोप एक, ऐकणारे दोन, आणि फळ परस्परविरुद्ध. म्हणून अमुक द्रव्य सुखाचे आणि अमुक दुःखाचे असे जे लोकांत बोलले जाते ते अपुरे आहे. द्रव्य कोठे पोहोचले आणि कोणी ग्रहण केले, यावर सारे ठरते.

डोपामीनचा शोध लागण्यात या देशातील एका वनस्पतीचाही वाटा आहे. छत्तीसगढच्या अरण्यांतही वाढणारी सर्पगंधा उन्मादावर आणि निद्रानाशावर आपल्याकडे पूर्वीपासून दिली जात असे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या गुणाविषयीचा निबंध इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिले, तेव्हा ससे जागे असूनही निश्चल पडून राहिले. त्यांना डोपा नावाचे द्रव्य टोचताच ते पुन्हा हिंडूफिरू लागले. ही गोष्ट १९५७ सालची. शरीरात डोपापासून डोपामीन बनते. रेसर्पिनने पेशींतील साठा रिता झाला होता तो डोपाने भरून निघाला. १९६० साली व्हिएन्नामध्ये असे दिसून आले की कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूतील विशिष्ट भागात डोपामीन फार कमी झालेले असते. तेथून या रोगाच्या औषधाचा मार्ग खुला झाला. हेच डोपा आपल्याकडील कपिकच्छूच्या, म्हणजे खाजकुइलीच्या, बियांतून भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच वेगळे काढले होते.

आता आपल्या गृहस्थांकडे वळावे. दुर्ग-बालोदकडील वाचक तांदुळा धरणाचे पाणी जाणतात. तेच पाणी धानाच्या शेतांना जाते आणि तेच भिलाईच्या कारखान्यालाही पुरविले जाते. समजा, दोन शेते शेजारी आहेत. एकाचा पाट बुजून ते कोरडे पडले आहे, दुसऱ्याचा पाट बराचसा वाहता आहे. कोरड्या शेताला वाचविण्यासाठी वरून जास्त पाणी सोडले, तर पहिले हिरवे होईल. दुसरे मात्र बुडून जाईल. कंपवातात असेच होते. मेंदूतील ज्या भागाकडे अवयवांच्या हालचालीचे काम आहे तेथला डोपामीनचा पाट प्रथम आटतो. लाभाची आशा, मिळेल-मिळेल अशी ओढ आणि पुन्हा एकदा करून पाहण्याची ऊर्मी ज्या भागाशी संबद्ध आहे, तेथला पाट त्या मानाने बराच काळ वाहता राहतो. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या वर्गातील औषधे डोपामीनची नक्कल करून थेट ग्राहींना लागतात, आणि त्यांचा ओढा डोपामीनच्या ज्या एका प्रकारच्या ग्राहीकडे अधिक असतो, ते ग्राही या दुसऱ्या भागात विशेष आहेत. म्हणून हात स्थिर झाला आणि मन सुटले. दोन्ही एकाच पाण्याने घडले.

येथे विचार करणारा मनुष्य दोन टोकांपैकी एकाकडे ओढला जातो. एक पक्ष म्हणतो, हे सारे निमित्त आहे. ज्याचे मन पक्के त्याला गोळी काय करणार? हजारो लोक तेच औषध घेतात आणि जुगार खेळत नाहीत. दुसरा पक्ष म्हणतो, गोळीने जर इच्छा निर्माण होते तर इच्छा म्हणजे रसायनच; मग जुगार न खेळणाराही आपल्या रसायनामुळेच सज्जन राहिला, आणि पाप, पुण्य, कर्ता हे शब्द निरर्थक झाले. पहिला पक्ष निर्दय आहे. दुसरा पक्ष उदार दिसतो खरा. परंतु तो माणसाकडून दोषाबरोबर माणूसपणही काढून घेतो.

गीतेत ग्राहींचे किंवा डोपामीनचे वर्णन आहे असे म्हणणे हा ग्रंथाचा गौरव नव्हे, त्याचा अपलाप होईल. त्या काळी ही माहिती नव्हती. परंतु ही माहिती मिळाल्यावर तिला कोठे ठेवावे, हे सांगणारी मांडणी गीतेत निश्चित आहे. तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटले आहे. क्षेत्र म्हणजे शेत. जे पेरावे ते जेथे उगवते ते क्षेत्र. या क्षेत्रात काय काय येते याची गणना करताना पंचमहाभूते आणि इंद्रिये यांपाशी ती थांबत नाही. इच्छा आणि द्वेष, सुख आणि दुःख, इतकेच नव्हे तर चेतना आणि धैर्यसुद्धा क्षेत्रातच मोजले आहे. वाचकांनी या गणनेकडे पुन्हा एकदा लक्ष द्यावे. इच्छा ही शेतात उगवणारी वस्तू आहे, शेत पाहणारा नव्हे, हा निर्णय तेथे आधीच झालेला आहे. म्हणून इच्छेला द्रव्याचा आधार सापडला तर गीतेच्या अभ्यासकाने भयभीत होण्याचे कारण नाही. शेतातल्या पिकाला पाणी लागते, एवढेच त्यातून सिद्ध झाले. शेत जाणणारा कोण, हा प्रश्न त्या प्रयोगांनी सुटलेला नाही आणि खोडूनही निघालेला नाही.

दोषाच्या वाटणीचा विचार अठराव्या अध्यायात येतो. कोणतेही कर्म घडण्यास पाच कारणे लागतात असे तेथे सांगितले आहे: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. या पाचांना सोडून जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असाही निर्वाळा तेथे आहे. पहिल्या पक्षाला याने उत्तर मिळते. ज्याने जुगारी पित्याकडे बोट दाखवून सारे पाप त्याच्याच माथी मारले, त्याने पाचांपैकी चार कारणांकडे डोळेझाक केली. परंतु दुसऱ्या पक्षालाही उत्तर मिळते. पाचांत कर्ता आहे. तो वगळलेला नाही. त्याचा वाटा कधी मोठा असेल, कधी अगदी थोडा. पण देह, साधने, चेष्टा आणि दैव यांवर मनुष्याचा ताबा थोडा. जो वाटा खरोखर हाती आहे तो हाच. म्हणून तो कितीही लहान असला तरी टाकून देता येत नाही.

शिवाय हे शेत एकदा मिळाले आणि तसेच राहिले असेही नाही. वहिवाटीने ते बदलते. छत्तीसगढात गुडाखू दातांना घासण्याची सवय आहे, विदर्भात खर्रा चघळण्याची. दोहोंत तंबाखू असतो. तंबाखूतील निकोटीन ॲसिटिलकोलीनच्या एका प्रकारच्या ग्राहीला लागते. रोज, वारंवार लागत गेल्याने ते ग्राही बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवितो. पुढे वेळेवर गुडाखू न मिळाल्यास चित्त सैरभैर होते, ते याच कारणाने. परंतु निग्रहाने सोडल्यास काही आठवड्यांत ही वाढलेली संख्या पुन्हा ओसरू लागते. पहिला महिना का कठीण आणि पुढचा का सोपा, याचे एक कारण येथे आहे. सहाव्या अध्यायात मनाला आवरण्यासाठी अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगितली आहेत. अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा करणे. आणि पुनःपुन्हा केलेल्याची खूण पेशींवर उमटते, हे आता दृष्टोत्पत्तीस आले आहे. आज जो पाट खणला जातो त्यातूनच उद्या पाणी धावते.

अशा प्रसंगी घरातील माणसांनी कसे वागावे, याला महाभारतात एक दृष्टांत आहे आणि तो मराठी माणसाला विशेष जवळचा आहे, कारण त्यातील नायिका विदर्भाची आहे. निषधराज नल सदाचारी होता. त्याच्या शौचात एकदा लहानशी उणीव राहिली, तेवढ्या फटीतून कली त्याच्या देहात शिरला, आणि तो राजा भाऊ पुष्कराबरोबर फासे खेळत बसला. प्रजा आली, मंत्री आले, दमयंतीने विनविले. त्याने उत्तरही दिले नाही. तेव्हा दमयंतीने काय केले? तिने पतीला ढोंगी म्हटले नाही. हा मोहग्रस्त झाला आहे, हे तिने ओळखले. परंतु ओळखून ती स्वस्थही बसली नाही. तिने सारथी वार्ष्णेयाला बोलावून दोन्ही मुलांना रथातून कुंडिनपुरी, आपल्या माहेरी, सुरक्षित पोहोचविले. द्वेष नाही आणि गाफीलपणाही नाही. करुणा आणि व्यवस्था या दोन्ही गोष्टी तिने एकाच वेळी केल्या.

कथेचा शेवट याहून महत्त्वाचा आहे. ऋतुपर्णाकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांचे मर्म, मिळाल्यावर कली नलाच्या देहातून निघाला. ज्याच्या बळावर आपण नाचविले गेलो ते कळले, तेव्हाच त्याची सत्ता संपली. मग नलाने राज्य परत जिंकले, आणि पराभूत पुष्कराला सांगितले की पूर्वी जे घडले ते कलीने केले. दुसऱ्याने केलेला दोष तो पुष्करावर लादणार नाही. असे म्हणून त्याने भावाला त्याचा वाटा परत दिला. कलीचे कारण नलापाशी होते. ते त्याने दुसऱ्याला क्षमा करण्यासाठी खर्च केले.

भिलाईच्या त्या घरात याच क्रमाने गोष्टी घडल्या असे समजावे. डॉक्टरांनी नवी गोळी हळूहळू कमी केली. एकदम थांबविली नाही, कारण तसे केल्यास दुसरे अपाय होतात. काही आठवड्यांत पत्त्यांची ओढ ओसरली. हात मात्र पूर्वीपेक्षा थोडा अधिक कापू लागला. गृहस्थांनी ते स्वीकारले आणि बँकेचे पुस्तक स्वतःच्या हाताने पत्नीकडे दिले. ठेव परत येणार नव्हती. मुलाने गोळीविषयी सगळे ऐकले, तो वडिलांच्या पायांशी बसला आणि म्हणाला, "बाबा, मी तुम्हांला ढोंगी म्हणालो. दोष तुमचा नव्हता, औषधाचा होता." वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ओढ गोळीने दिली असेल, बाळा. पण देवळात गेलो होतो असे सांगणारी जीभ माझीच होती."

हे वाक्य खरे होते काय? वैद्यशास्त्र म्हणेल की लपविणे हेही त्या आवेगाचेच अंग आहे. रोगी ते क्वचितच आपण होऊन सांगतो. तेव्हा मुलाने किंवा अन्य कोणी हे वाक्य त्यांना ऐकविले असते तर ते क्रौर्य झाले असते. परंतु त्यांनी स्वतः ते उच्चारले, तेव्हा तो धर्म झाला. शब्द तेच, बोलणारा बदलला आणि अर्थ बदलला. प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर येथे आहे. दुसऱ्याच्या दोषाकडे पाहताना प्रथम त्याचे क्षेत्र पाहावे: त्याचा देह, त्याचे औषध, त्याची झोप, त्याचा रोग, त्याच्या वाट्याला आलेले पाणी. स्वतःच्या दोषाकडे पाहताना प्रथम क्षेत्रज्ञाकडे पाहावे: पाच कारणांपैकी आपला वाटा कोणता होता आणि तो आपण उचलला की नाही. जगात बहुधा याच्या उलट चालते. आपल्या रागाला आपण प्रकृतीचे कारण देतो, आणि दुसऱ्याच्या रागाला त्याची दुष्टबुद्धी म्हणतो.

आणि हा नियम गोळी घेणाऱ्यांपुरता नाही. कोणाचे शेत जन्मतःच ओलसर, कोणाचे खडकाळ. कोणाला निष्कारण विषाद येतो, कोणाला क्षणात संताप. ज्याला लोभाची ओढ कधी फारशी जाणवलीच नाही त्याने आपल्या निर्लोभतेचा अभिमान धरू नये. त्याला शेत सुपीक मिळाले. ज्याला रोज त्या ओढीशी झुंजावे लागते आणि जो दहांपैकी सात वेळा जिंकतो, त्याची तीन वेळांची हार मोजण्यापूर्वी त्याच्या सात विजयांचे मोल ओळखावे.

म्हणून ज्या घरी असे औषध चालू असेल तेथे काही गोष्टी अवश्य कराव्यात. औषध सुरू करताना असा परिणाम होऊ शकतो काय, हे डॉक्टरांना विचारावे आणि उत्तर रोग्याबरोबर घरातील आणखी एका माणसाने ऐकून ठेवावे. स्वभावात नवी ओढ दिसली तर ती कोणत्या महिन्यापासून दिसू लागली याची नोंद ठेवावी. पैशाची व्यवस्था वेळीच दुसऱ्या विश्वासू हाती सोपवावी आणि तसे करताना रोग्याचा मान राखावा. कोणाच्या सांगण्यावरून औषध आपल्या मनाने बंद करू नये. सर्पगंधा, खाजकुइली ही नावे ओळखीची आहेत म्हणून त्यांची मुळे-बिया आपल्या हाताने कुटून घेऊही नयेत. मनाच्या विकारावर औषध घेण्यात श्रद्धेची उणीव मानण्याचे कारण नाही. शेताला बांध घालणारा शेतकरी पावसावर अविश्वास दाखवीत नाही.

गांडीव सुटलेल्या अर्जुनाने अखेरीस ते उचलले. मधल्या काळात त्याचा देह बदलला नव्हता. त्याला त्या देहाचा जाणता दाखविला गेला होता. प्रत्येक घरात कोणाचा ना कोणाचा हात कापत असतो. त्या हाताला आधी आधार द्यावा, हिशेब मागून विचारावा. आणि आपल्या हाताचा हिशेब मात्र रोज, निजण्यापूर्वी, स्वतःच घ्यावा.